सोळा पानं, पाठपोट

अशोक चौकातून विडी कारखान्याकडे वळलात की
डाव्या हाताला माझं झेरॉक्सचं दुकान.
आधार, रेशनकार्ड, सातबारा,
आणि हळू विचारलंत तर
ती गोष्ट.

सोळा पानं, पाठपोट. लेखकाचं नाव नाही.
कुणी आणून दिली, ते मी सांगत नाही.
मे महिना, नळाला चौथ्या दिवशी पाणी,
हाकामारीसाठी दारोदार खडूनं लिहिलेलं : उद्या ये.
आणि एक बाई, जिला रात्री अडीचला कुणीतरी हाक मारतं
माहेरच्या नावानं,
लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं दुसरं लिहिलं
त्याच्या आधीच्या.
त्या नावानं हाक मारणारी एकच होती.
हिच्या शेजारी बसून विडीची पानं कातरायची.
कंबर तलावात सापडली तेव्हा
मुठीत दोऱ्याचं रीळ होतं, अर्धं उलगडलेलं.

नेतात कोण?
टॉवेलच्या कारखान्यातला एक जॉबर, पापण्यांवर कापसाचं पीठ.
म्हणाला, रात्रपाळीत वाचतो,
मागांच्या खडखडाटात किंचाळलं तरी चालतं.
सिव्हिलमधली नर्स. दोन प्रती.
दुसरी कुणासाठी, मी विचारलं नाही.
एक प्राध्यापक, घामाघूम, 'भाच्यासाठी' म्हणाले,
आणि भाच्याच्या वतीनं
काउंटरशी उभ्यानंच अकरा पानं वाचली.

नरसम्मा यमूलांना तेलुगू वाचता येतं, मराठी नाही.
लाइट गेली होती. शटर अर्धं ओढून
उंबऱ्यात बसून मी वाचून दाखवली.
भीती वाटली का, अव्वा?
वाटली की. पण तिची न्हाई गं,
त्या सासूच्या किल्ल्यांच्या जुडग्याची.
गोष्टभर वाजतंय बघ ते.
मग म्हणाल्या, ते नाव परत वाच.
वाचलं.
परत.
वाचता न येणारी एक प्रत घडी करून
त्यांनी कमरेला खोचली. पैसे सुटे दिले.

आपल्या घरांत
कुणीतरी आहे म्हणावं, तर
कुणी नाही, झोप, म्हणतात.
वीस वीस वर्षं म्हणतात.
भुताच्या गोष्टीत ते चालत नाही.
तिथं बाराव्या पानापर्यंत सगळ्यांना कबूल करावं लागतं
की आहे, पहिल्यापासून इथंच आहे,
बरणीतली शेंगाचटणी कमी होत होती
ती उगाच नाही.

चौदाव्या पानावर गच्ची आहे.
एका चादरीखालून चार पावलं बाहेर आलेली,
दोन उलटी.
उलटी म्हणजे कशी, तर तिच्याकडे वळलेली.
परत येणाऱ्या प्रतींत याच पानाला तेलकट अंगठा असतो,
आणि मशीनमध्ये कागद अडकतो तोही इथंच.

शेवट मात्र मला कधी पटला नाही.
सासू तिला गच्चीवरून खाली आणते, कडी, कुलूप.
बाई आत, हाक बाहेर, मध्ये फळीवर खडूची ओळ.
उजाडतं, पाणी येतं, बायका घागरींवरून भांडतात,
संपलं.
तीसेक प्रती तशाच गेल्या.

मग एका दुपारी, बेचाळीस डिग्री, गिऱ्हाईक नाही,
मूळ पान समोर घेतलं,
नखाएवढी पांढरी शाई लावली
'उद्या'वर.
वाळेपर्यंत फुंकर घातली.

आता दारावर नुसतं 'ये' आहे.

परवा नर्स आली, म्हणाली,
शेवटचं पान बदललंय का हो, ताई?
म्हटलं, छे, ड्रम जुना झालाय,
एखादा शब्द उठत नाही.